वकील गावातलीच

"आई, मगदूमसाहेबांच्या कपात साखर घालू नकोस गं," वकीलबाईनं आतल्या दाराकडं तोंड करून सांगितलं, आणि माझे कान टवकारले.

आम्ही जेमतेम टेकलो होतो. तिचं ऑफिस म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली, दारावर 'अ‍ॅड. रत्नप्रभा खोत' अशी पाटी. आमचे हे मांडीवर फाईल घेऊन शहाण्या मुलासारखे बसले होते. चहाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं नव्हतं. साखर कारखान्यातला केमिस्ट चहा बिनसाखरेचा पितो, ही आमच्या घरातली चेष्टेची गोष्ट होती. पण ती घरातली. ह्या बाईला कुणी सांगितली? मला तर येताना एवढंच सांगण्यात आलं होतं, की गावातल्या एक वकील आहेत, चांगल्या आहेत म्हणतात.

"आणि वहिनी, तुम्हाला साखर किती?"

"दोन चमचे," मी म्हटलं. "भरून."

'वहिनी' म्हणणाऱ्या बायांपासून जास्त सांभाळून राहावं, हे माझं आजही मत आहे.

जयसिंगपुरात बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, मागच्या गल्लीत धनपाल उपाध्यांचं घर विकायला निघालं होतं. बैठं, कौलारू, पुढं अंगण, आणि पूर्वेला खिडकी असलेलं स्वयंपाकघर. ते स्वयंपाकघर बघितलं त्या दिवसापासून मला झोप नव्हती. सासरी आम्ही दोन भावांची कुटुंबं एका चुलीवर होतो, आणि चूल जाऊबाईंची होती. फोडणीत कढीपत्ता घालू का, हेसुद्धा विचारून. मोठ्या दिरांपुढं आमचे हे कधी बोलले नाहीत आणि जाऊबाईंपुढं मला कुणी बोलू दिलं नाही. त्यामुळं उपाध्यांचं घर म्हणजे माझ्यासाठी नुसतं घर नव्हतं. ते हातचं गेलं असतं तर मी त्याच चुलीपुढं म्हातारी झाले असते.

वकीलबाईनं कागद उलटसुलट करून बघितले. दिसायला बरी होती. बरी कसली, चांगलीच होती, खोटं कशाला बोलू. केसांचा घट्ट अंबाडा, हातात एकच बांगडी, गळ्यात काही नाही. म्हणजे लग्न नाही. हेही मी बघून घेतलं.

"कागद ठीक दिसतोय," ती म्हणाली. "वडील वारले, मागं धनपाल आणि बहीण कमल. कमलताईंनी हक्कसोडपत्र करून दिलंय, आपला हिस्सा भावाला सोडला म्हणून. रजिस्टर झालंय. तरी मी त्यांना एकदा बघून येते."

"बघायचंय काय त्यात?" मी म्हटलं. "सही आहे, शिक्का आहे."

"सही कागदावर असते, वहिनी. बाई उदगावात असते."

आणि आमचे हे मान डोलवत होते! घरात मी असं काही बोलले असते तर म्हणाले असते, तुला काय कळतंय.

बाहेर पडल्या पडल्या मी विचारलं, "तिला कसं ठाऊक?"

"काय?"

"साखर."

"असेल कुणी सांगितलेलं," हे म्हणाले आणि खाली चपलांकडं बघायला लागले. खोटं बोलताना हा माणूस चपला बघतो. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"आपण कोल्हापूरचा वकील करू," मी म्हटलं. "तुमच्या कारखान्यातले सगळे साहेब लोक तिथंच जातात. चार दिवसांत काम मोकळं."

"अगं, तो कोल्हापुरात बसून शिक्के बघणार. उपाध्ये कोण, त्यांच्या घरात काय शिजतंय, त्याला काय ठाऊक? घर गावात घ्यायचं तर वकील गावातलाच पाहिजे."

"गावातलाच, की गावातलीच?"

त्यावर हे भराभर पुढं चालायला लागले, आणि त्यांनी थांबून बोलायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई भाकरी थापत असताना मी सहज विचारल्यासारखं केलं. "आक्का, ही रत्नप्रभा खोत कोण हो?"

परातीतला हात थांबला. मग त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं, की मला नको ते कळणार हे तिथंच कळलं.

"म्हणजे तुला अजून कुणी बोललंच नाही? अगं, भूपालला सांगून आलेलं स्थळ होतं ते. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा आला, तर ह्यानं बिनसाखरेचा मागितला. बिचारी पोरगी ट्रे घेऊन परत आत गेली! मग दोघांना परसात बोलायला सोडलं."

"परसात?"

"तर! चांगले बराच वेळ बोलत होते. पोरगी वकिलीला शिकलेली ना."

"मग मोडलं कशानं?"

"नाही जमलं. पत्रिका की काय ते. आता कशाला ते उकरायचं?" आक्का म्हणाल्या आणि उकरून झाल्यावर भाकरी तव्यावर टाकली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला बघायला आले तेव्हा परसात सोडायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ह्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, 'शिक्षण किती?' तोही माझ्या माहितीच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलेला. आणि हिच्याशी बराच वेळ! काय बोलले असतील? भाजी चिरताना तेच, धुणं वाळत घालताना तेच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्याशी बराच वेळ बोललेला हा माणूस मला आठवत नव्हता.

त्यात त्या आठवड्यात कहर झाला. आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवायचं. मी ताट वाढून वाट बघत बसले, उन्हं गेली, दिवे लागले, आणि मग हे आले.

"आज उपास घडला म्हणा की," मी म्हटलं.

"नाही, जेवलो."

"कुठं?"

"खोत वकिलांकडं. कागद बघता बघता दिवस कलला. त्यांच्या आईनं ताट वाढलं, नको कसं म्हणायचं?"

"काय होतं?"

"भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची चटणी."

"चांगलं होतं?"

शहाण्या नवऱ्याला ह्या प्रश्नाचं उत्तर माहीत असतं. आमचे हे म्हणाले, "होतं की. चटणी तर फारच."

मी माझं ताट झाकून ठेवलं. रडले नाही. रडायची बाई मी नव्हे. पण सकाळी हे कारखान्यात गेल्यावर पदर खोचला आणि सरळ खोतांच्या घरी गेले. घर हवं होतं, पण तिच्या हातून नको होतं. फाईल उचलायची आणि कोल्हापूरची एसटी धरायची, असं ठरवूनच.

रत्नप्रभा दारातच स्कूटरला किक मारत होती.

"फाईल न्यायला आले," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. का, असं विचारलं नाही. "देते की. तुमचीच आहे. पण आत्ता कमलताईंकडं निघालेय उदगावला. येता? आल्यावर घेऊन जा."

मी मागं बसले. का बसले म्हणाल तर तिला एकटीला सोडवेना. कुठं जाते, काय बोलते, सगळं मला बघायचं होतं. धरायला काही नव्हतं, तरी तिच्या खांद्याला हात लावला नाही. खड्ड्याखड्ड्यातून जीव मुठीत धरून उदगाव गाठलं.

कमलताई उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे, चेहरा हसरा. वकीलबाई म्हटल्यावर जरा बिचकल्या, पण आम्हाला ताक दिलं. मला वाटलं, आता ही कागद काढील. तिनं पिशवीला हात लावला नाही. शेजारी बसून तीपण शेंगा फोडायला लागली आणि विचारलं, "पंचमीला माहेरी जाऊन आलात का, ताई?"

कमलताईंचं हसू जरा उतरलं. "आधी यायचा की धनपाल न्यायला. दरसालचं होतं. अलीकडं नाही आला. कामात असेल."

"कधीपासनं नाही आला?"

"ते लाईटच्या मीटरला नाव लावायचं होतं बघा, तेव्हा मला ऑफिसात नेलं होतं गाडीतनं. सही केली. त्यानंतर काही आला नाही." मग त्यांनी आमच्याकडं बघून अगदी साधं विचारलं, "लागलं का हो मीटर?"

रत्नप्रभेनं हातातली टरफलं झटकली. शेवटी तिनंच सांगितलं, की ते मीटरचं नव्हतं, आणि धनपाल घर विकतोय. कमलताईंनी हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली. मग माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही घेताय? घ्या बाई. चांगलं घर आहे. सैपाकघरात सकाळी सगळा उजेड येतो."

मी ताकाचा पेला तसाच खाली ठेवला.

परतताना रेल्वेचं फाटक पडलं होतं. स्कूटर बंद करून आम्ही उन्हात उभ्या होतो. रत्नप्रभा म्हणाली, "कागद पक्काच आहे, वहिनी. कोल्हापूरचा वकील डोळे मिटून घ्या म्हणेल. पण उद्या ह्या बाई कोर्टात गेल्या तर तारखा तुम्ही खाणार. आणि नाही गेल्या तरी तुम्ही आज त्यांना बघितलंय. माझं म्हणणं, खरेदीत त्यांना मान्यता देणार म्हणून उभं करायचं आणि त्यांचा हिस्सा धनपालच्या हातात न देता थेट त्यांच्या हातात द्यायचा."

"आणि धनपाल नाही म्हणाला तर?"

"तर हे घर सोडायचं."

झालं! हेच ऐकायची वाट बघत होते जणू. इतक्या दिवसांचं सगळं तोंडावाटे बाहेर पडलं.

"घर सोडायचं! सोपं आहे तुम्हाला म्हणायला! मला सगळं कळलंय. पोहे, परस, बिनसाखरेचा चहा. तेव्हा ह्यांनी नकार दिला, तो राग तुम्ही माझ्या घरावर काढताय!"

फाटकाजवळचा उसाचा गाडीवान वळून बघायला लागला. रत्नप्रभेला आधी काही कळलंच नाही, आणि मग ती हसली. खळखळून हसली, त्याचा मला जास्त राग आला.

"नकार त्यांनी नाही दिला हो. मी दिला."

"तुम्ही?"

"मी."

माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मला अजून हसू येतं. मी म्हटलं, "का? काय कमी होतं आमच्या माणसात?"

"काही नव्हतं. सरळ वाटले, म्हणून तर परसात विचारलं, की तुमच्या घरात बहिणींचा हिस्सा आहे का? म्हणाले, आमच्यात लग्नाच्या गडबडीतच सह्या घेऊन टाकतात, बहिणी काही मागत नाहीत. म्हटलं, तुम्ही कधी विचारलंत त्यांना? तर म्हणाले, ते सगळं दादा बघतात." तिनं खांदे उडवले. "सगळं दादाच बघणार, तर मी लग्न कुणाशी करायचं?"

"एवढ्याशावरून?"

"एवढ्याशावरूनच. तुमच्या माहेरी नाही का घेतल्या सह्या?"

"आमचा दादा तसला नाही," मी तोडून टाकलं. गाडी धडधडत निघून गेली आणि फाटक उघडलं.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या जिवाला थंडावा मिळाला असेल. कुठला! नकार मिळालेली बाई असती तर मला तिची कीव तरी करता आली असती. हिनं तर माझा नवरा पारखून बाजूला ठेवला होता, बाजारात दाबून बघितलेलं वांगं ठेवावं तसा. आणि तो मी इतकी वर्षं मिरवत होते. पहिल्यापेक्षा दुप्पट आग पडली. फाईल मात्र मी मागितली नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

चार दिवसांनी धनपाल उपाध्ये तिच्या ऑफिसात आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध, आवाज मोठा. रत्नप्रभेनं कमलताईंचं सांगितल्याबरोबर त्यांचा पारा चढला.

"बाई, तुम्ही मगदुमांच्या वकील की कमलच्या? हक्कसोड रजिस्टर आहे. बहिणीला मी काय कमी केलंय का? लग्न केलं, बाळंतपणं केली. मगदूम, सांगलीचं गिऱ्हाईक दारात उभं आहे. काय ते आत्ता बोला, नाहीतर विसार परत घ्या."

सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. मीही. माझ्या डोळ्यांपुढं ती पूर्वेची खिडकी होती आणि तिच्यापलीकडं आक्कांची परात. ह्यांनी फाईल उघडली, मिटली, गळा साफ केला.

"तसं... कागद पक्का आहे म्हणताय. मी एकदा दादांना विचारून सांगतो."

मी रत्नप्रभेकडं बघितलं. ती रागावली नाही. तिनं फक्त पेनाला टोपण लावलं, माहीत असलेलंच उत्तर आलं म्हणून.

अरे देवा! दुसऱ्यांदा! त्याच बाईपुढं, त्याच प्रश्नाला, त्याच उत्तरानं नापास, आणि या खेपेला माझ्या डोळ्यांदेखत! कमलताईंची दया आली म्हणून मी बोलले, असं मी पुढं लोकांना सांगितलं. ते खोटं आहे असं नाही, पण त्या क्षणी कमलताई माझ्या ध्यानातसुद्धा नव्हत्या. त्या टोपणाचा आवाज मला सहन झाला नाही.

"दादांना काय विचारायचंय?" मी म्हटलं. "घर आपण घेतोय ना?" आणि धनपाल उपाध्यांकडं वळून म्हटलं, "कमलताईंना बोलवा. त्यांना सगळं सांगा, त्यांचं त्यांच्या हातात द्या. नाहीतर आम्हाला घर नको."

"मालाबाई, विचार करून बोला."

"ह्यांनी केलाय विचार. घरीच ठरलंय आमचं. काय हो?"

हे माझ्याकडं बघत राहिले. एकदा चपलांकडं बघितलं. मग मान वर करून म्हणाले, "हो. ठरलंय."

आवाज बारीक होता, पण म्हणाले. मी रत्नप्रभेकडं असं बघितलं, की बघ, आहे की नाही माणूस! तिनं टोपण परत काढलं.

धनपाल पाय आपटत निघून गेले. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. घर गेलं, असंच धरून चालले होते. आक्कांनी तर, देवाला काळजी, म्हणून दोनदा ऐकवलं. पण गाव म्हणजे गाव. सांगलीचं गिऱ्हाईक खरंच आलं, त्यानं चौकात विचारलं, इथं घराचे कागद कोण बघतं, आणि चौकानं त्याला रत्नप्रभा खोतकडं पाठवलं! तिच्याकडनं कमलताईंचं ऐकून तो उलट पावली सांगलीला गेला, आणि धनपाल उपाध्यांचा निरोप आमच्याकडं आला.

रजिस्टर ऑफिसात कमलताई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. धनपाल भिंतीकडं तोंड करून उभे होते. खरेदी आमच्या दोघांच्या नावावर होती, आणि माझं नाव आधी होतं. ते कुणी आधी घातलं, मी विचारलं नाही. हे इतके खुशीत होते की ओळख नसलेल्या माणसांना पेढे देत सुटले.

सह्यांच्या आधी रत्नप्रभा बाकावर कमलताईंच्या शेजारी बसली आणि कागद वाचून दाखवायला लागली. बोट ठेवून, एकेक ओळ. हे घर तुमच्या वडिलांचं. ह्यात तुमचा इतका हिस्सा. तो तुम्ही आज विकताय. ओळ झाली की थांबायची.

"कळलं का, ताई? मनाविरुद्ध काही नाही ना?"

"कळलं. पण परत एकदा वाचा."

"वाचते."

ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. मागं लोक ताटकळले होते, कारकून घड्याळ बघत होता, पण तिनं मान वर केली नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मीही असल्याच एका बाकावर बसले होते. माहेरच्या दादानं गाडीतनं नेलं होतं. कुणीतरी बोट ठेवत गेलं, तिथं तिथं मी सह्या करत गेले. कसल्या, ते मी विचारलं नाही, मला कुणी सांगितलं नाही. मग दादानं साडी घेतली, उसाचा रस पाजला, आणि मी आनंदानं सासरी आले. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं.

"आता कशाला तोंड पाडून बसलीस?" हे पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारी आले. "झालं की घर तुझं."

"काही नाही," मी म्हटलं.

रत्नप्रभेनं माझ्या नवऱ्याशी आता जन्मभर परसात बसून गप्पा मारल्या असत्या तरी मला पर्वा नव्हती. मी त्या पांढऱ्या केसांच्या बाईकडं बघत होते, जिच्या कानाशी वाकून कुणीतरी दुसऱ्यांदा विचारत होतं, "मनाविरुद्ध काही नाही ना?" कमलताईंनी सही केली आणि हसत माझ्याकडं हात पुढं केला. मला तो पटकन धरता आला नाही, इतका मला त्यांचा हेवा वाटत होता.